तारांकित प्राणी आणि कॅमेऱ्याची साक्ष

व्हिडिओ गेममधील चालू प्रसंग क्षणभर थांबवून, अदृश्य कॅमेरा हवा तेथे नेऊन चित्र टिपण्याची जी सोय असते, तिला ‘फोटो मोड’ असे म्हणतात. या सोयीच्या आधारे डायनासोर, मॅमथ, आदिमानव अशा प्रागैतिहासिक विषयांवरील चित्रे सिद्ध करण्याची प्रथा अलीकडे बरीच रूढ झाली आहे. ही चित्रे कला होत की नव्हेत, हा वाद प्रस्तुत लेखकाला फारसा फलदायी वाटत नाही. स्थान, प्रकाश आणि क्षण यांची निवड हीच छायाचित्रकाराची कृती होय. आणि ती येथेही आहे. खरा प्रश्न निराळा आहे. छायाचित्र ज्या वस्तूची साक्ष देते, ती वस्तू येथे कॅमेऱ्यासमोर कधीच नव्हती. मग ही साक्ष कशाची?

लुप्त जीवसृष्टीचे चित्रण नवे नाही. हेन्री डी ला बेश यांनी १८३० मध्ये मेरी ॲनिंग यांना सापडलेल्या जीवाश्मांच्या आधारे प्राचीन समुद्राचे जलरंगचित्र काढले. त्या चित्रात कुंचला दिसतो. म्हणून हे कोणा एकाचे अनुमान आहे, हे पाहणाराला सांगावे लागत नाही. फोटो मोडमध्ये मात्र कुंचला लपतो. भिंगामुळे धूसर झालेली पार्श्वभूमी, कातडीवरील पावसाचे थेंब, हे सारे कॅमेऱ्याच्या उपस्थितीची ग्वाही देते आणि अनुमानाला प्रत्यक्षाचा वेष चढवते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही अडचण परिचित आहे. लेखी पुरावा नसलेले, केवळ तुलनेने सिद्ध केलेले रूप आपण तारका लावून लिहितो. ऑगस्ट श्लायशर यांनी १८६८ मध्ये पुनर्रचित आद्य इंडो-युरोपीय भाषेत मेंढी आणि घोडे यांची एक लहानशी कथा रचली. पुढील पिढ्यांनी ती पुनःपुन्हा नव्याने लिहिली, कारण पुनर्रचना बदलली की कथेचे रूपही बदलते. त्या तारकेत दुर्बलतेची कबुली नाही. ज्ञानाची मर्यादा सांगण्याची ती शिस्त आहे.

‘फार क्राय प्रायमल’ (२०१६) हा गेम या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यातील पात्रांसाठी अँड्र्यू बर्ड आणि ब्रेना बर्ड या भाषाशास्त्रज्ञांनी आद्य इंडो-युरोपीय भाषेच्या आधारे बोली रचल्या. गेमचा काळ इ. स. पू. १०,००० असा आहे. आद्य इंडो-युरोपीय भाषेचा काळ सामान्यतः इ. स. पू. ४५०० ते २५०० असा मानतात. म्हणजे बोली जाणूनबुजून अनुमानाच्याही पलीकडे नेलेली आहे. त्याच गेममध्ये निअँडरथलसदृश टोळी आहे. निअँडरथल मात्र सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी लुप्त झाले. कथेत हे क्षम्य ठरते. पण तेथील एखादे दृश्य सुटे करून भिंतीवर लावले की कथेचा आधार गळून पडतो व केवळ ‘पुरावा’ उरतो.

‘जुरासिक वर्ल्ड एव्होल्यूशन’ (२०१८) मधील व्हेलॉसिरॅप्टर पिसांवाचून आहे. त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा असल्याचे २००७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. येथे चित्रकार म्हणेल की, प्राणी माझा नव्हे. हे खरे, परंतु दुसऱ्याची पुनर्रचना उद्धृत करणाराही निवडीची जबाबदारी टाळू शकत नाही.

मग चित्राला तारका लावावयाची कशी? चित्राखालील दोन ओळींची टीप हा एक मार्ग आहे. पण उत्तम चित्रे हे काम चित्रातच करतात. सर्वच तपशील सारखे अनिश्चित नसतात. सांगाड्यावरून शरीराचा बांधा बराच सांगता येतो. रंग मात्र क्वचितच. सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या शेपटीवरील तांबूस पट्ट्यांचा २०१० मध्ये लागलेला शोध हा अशा विरळ भाग्याचा. म्हणून जो चित्रकार प्राण्याला मावळत्या प्रकाशासमोर उभा करून त्याची केवळ बाह्याकृती दाखवतो, कातडी धुक्यात सोडून देतो, तो जे ठाऊक आहे ते पुढे आणतो आणि जे ठाऊक नाही ते झाकून ठेवतो. त्याचे धुके म्हणजेच त्याची तारका. उलट, खवल्याखवल्यावर लख्ख प्रकाश पाडणारे चित्र अधिक नेत्रदीपक असेल. ते अधिक विश्वसनीय असेलच असे नाही.

‘होरायझन झिरो डॉन’ (२०१७) मध्ये तर काळ भविष्यातला आणि श्वापदे यांत्रिक आहेत. तरीही तेथील गवताळ रानात धनुष्य घेतलेल्या शिकारी स्त्रीचे चित्र आदिम भासते आणि कोणाची फसवणूक करीत नाही. कारण यंत्राची धातूची कड आपले कल्पितत्व स्वतःच सांगते.

तेव्हा या चित्रांची परीक्षा करताना ‘हे किती खरे दिसते?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘आपण किती जाणतो, हे चित्र किती प्रामाणिकपणे सांगते?’ असा प्रश्न विचारावयास हवा. पुनर्रचित शब्दापुढची तारका पुसणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गुण देत नाही. ती पुसणाऱ्या चित्रालाही, ते कितीही देखणे असो, देऊ नयेत.