पिंडीवरचे पाय : बालश्रोता आणि वृद्धप्रतिमा

बालमनातील वृद्धप्रतिमेचा विचार पुष्कळदा व्यक्तिचित्रणापाशी थांबतो. आजी प्रेमळ रंगवली आहे की म्हातारा खाष्ट, एवढेच तपासले जाते. वस्तुतः पूर्वग्रह पात्राच्या गुणदोषांपेक्षा कथनाच्या रचनेत अधिक खोल रुजलेला असतो. कोण पाहतो, कोणाकडे पाहिले जाते आणि पाहिल्या जाणाऱ्याला बोलण्याची संधी केव्हा मिळते, हे प्रश्न म्हणूनच कळीचे ठरतात. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान. त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाशी लोकपरंपरेने जोडलेली विसोबा खेचरांची कथा या प्रश्नांच्या प्रकाशात पुन्हा वाचण्याजोगी आहे.

कथा परिचित आहे. वयाने वडील मानलेल्या गोरोबाकाकांनी कच्चे ठरवलेला नामदेव गुरूच्या शोधात मंदिरात येतो. तेथे एक जर्जर म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला त्याला दिसतो. श्रोता येथे नामदेवाच्या डोळ्यांनीच पाहतो. म्हातारा निर्लज्ज असावा किंवा त्याला भान उरलेले नसावे, हा निष्कर्ष त्यामुळे दोघांचाही होतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याच्या कानावर आहे, त्या मुलाला तर तो सहजच सुचेल. यानंतर म्हातारा बोलतो. आपल्या अंगी बळ नाही, जिथे पिंडी नसेल तिथे तूच माझे पाय ठेव, असे तो सांगतो. म्हणजे त्याचे दौर्बल्य हाच त्याचा युक्तिवाद होतो. नामदेवाला ते पाय हातांनी उचलावे लागतात. दुरून केलेला निवाडा स्पर्शाच्या अंतरावर आल्यावरच डळमळतो.

गुरू नानकांच्या मक्केतील कथेतही पावलांचे हेच कथाबीज आढळते, पण तिथे म्हातारपण हा प्रसंगाचा आधार नाही. विसोबांच्या कथेत तो आहे. म्हणून ही कथा मुलांना सांगताना कथनकर्ता चमत्काराकडे घाईने वळला, तर तिचा अर्थच पालटतो. म्हातारा मुळात सिद्धपुरुष होता म्हणून तो आदरणीय, एवढाच बोध उरतो आणि सिद्ध नसलेल्या सामान्य म्हाताऱ्याविषयीचा ग्रह अबाधित राहतो. अपवाद येथे नियमाला धक्का न देता त्याला बळकटीच देतो.

अमेरिकेत १९७०च्या दशकात कॅरोल सीफेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांपुढे एकाच पुरुषाची निरनिराळ्या वयांतील चित्रे ठेवून त्यांच्या धारणा तपासल्या होत्या. वृद्धांविषयीचा जिव्हाळा आणि स्वतः वृद्ध होण्याविषयीची नकोशी भावना मुलांत एकत्र नांदताना त्यांना आढळली. ‘आजी’ हे नाते आणि ‘म्हातारी’ हा साचा यांतील मराठी अंतरही काहीसे असेच आहे. मात्र भोपळ्यातून प्रवास करणाऱ्या म्हातारीची लोककथा हे अंतर मिटवते. वाघाला थोपवताना ती आपला हडकुळेपणाच पुढे करते. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन येते, असे सांगून ती सुटते. विसोबांप्रमाणेच तिचेही थकलेले शरीर दयेचा विषय न होता बोलण्याचे सामर्थ्य बनते.

मराठवाड्यात ऊसतोडीच्या हंगामात आईबाप गावाबाहेर जातात, तेव्हा मागे राहिलेली अनेक मुले आजीआजोबांच्याच हाती असतात. त्यांच्यासाठी वृद्धत्व हा रोजच्या व्यवहाराचा अनुभव आहे. त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या कथनाची कसोटी म्हाताऱ्याला देवत्व देण्यात नाही. सामान्य म्हातारा दुबळा असूनही त्याचे म्हणणे ऐकण्याजोगे असते, हे त्या कथनातून मुलाला उमगते की नाही, यावर तिचे मोल ठरते.