ध्वनिमुद्रिकांच्या अंकीय नकला व त्यांचें प्रामाण्य

जुन्या तबकड्यांवरील गाणें व भाषण संगणकाच्या फाइलींत उतरवून घेण्याचें काम हल्लीं घरोघर चाललेलें दिसतें. लाखेच्या तबकड्या ठिसूळ, हातून निसटल्या कीं फुटणाऱ्या. पुढील काळच्या व्हिनाइलच्या तबकड्या सहसा न फुटणाऱ्या, पण ओरखडणाऱ्या व उष्णतेनें वांकणाऱ्या. म्हणून हें काम करणाऱ्या हौशी मंडळींचे उपकार संशोधकांनीं मानिलेच पाहिजेत. परंतु उपकार मानणें निराळें आणि त्यांनीं पुढें ठेविलेली प्रत पुरावा म्हणून स्वीकारणें निराळें. मोडी कागदाची बाळबोध नक्कल हातीं आली असतां अस्सल कोठें आहे, नक्कल कोणी केली, मधला मजकूर गाळला आहे काय, असे प्रश्न आपण विचारतों. ध्वनीची नक्कल हातीं आली म्हणजे मात्र डोळे मिटून ऐकतों व मान डोलावतों. या दुसऱ्या प्रकारच्या नकलांस पहिल्या प्रकारची कसोटी लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिला प्रश्न गतीचा. ज्यांस आपण सरसकट ‘७८ च्या तबकड्या’ म्हणतों त्या सर्व मिनिटास ७८ फेरे या गतीनें मुद्रित झालेल्या नाहींत. कर्ण्यांत गाऊन मुद्रण करण्याच्या काळांत ही गति सत्तरीपासून ऐंशीच्याही पलीकडे हेलकावे खाई. ७४ फेऱ्यांनीं मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनीं वाजविली, तर गाणें जवळजवळ एका अर्धस्वरानें वर चढतें व लयही त्याच प्रमाणांत वाढते. येथें एक भेद ध्यानांत ठेवणें जरूर आहे. चुकीची परंतु स्थिर गति असेल तर स्वरांचीं परस्परांतील प्रमाणें बिघडत नाहींत. बिघडतो तो गायकाचा षड्ज, त्याची लय आणि आवाजाची जात. कृ. ब. देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हांपासून महाराष्ट्रांत स्वरांतरें मोजण्याची जिज्ञासा जागृत आहे. अशा जिज्ञासूंस चुकीच्या पण स्थिर गतीचा उपद्रव नाहीं. मूळ यंत्राची गति एकाच बाजूच्या आरंभापासून शेवटापर्यंत ढळत गेली असेल, तर मात्र आरंभींचा गांधार व शेवटचा गांधार यांची तुलना व्यर्थ होय. ‘अमुक गवई अमुक सुरांत गात असे’, ‘त्या पिढीची लय आजच्यापेक्षां चढी होती’, असलीं विधानें तर गतीचा निर्णय झाल्यावांचून करितांच येत नाहींत. आणि अशींच विधानें सर्वांत अधिक केलीं जातात.

साथीच्या पेटीच्या आधारें गति ठरवावी, असें कोणी म्हणतील. पेटी हा साक्षीदार खरा, पण त्याचीही उलटतपासणी घ्यावी लागते. ती पेटी कोणत्या मापास मिळविलेली होती व गवयानें कोणती पट्टी धरिली होती, हें ठाऊक नसल्यास पेटीवरून गतीच्या कांहीं शक्यता तेवढ्या हातीं लागतात. त्यांतून निवड करण्यास त्याच कलावंताच्या त्याच बैठकींत मुद्रित झालेल्या इतर तबकड्या ताडून पाहणें अवश्य आहे.

गतीची नोंद नसलेली तबकडी अपुरी होय, हें ज्यांस नीट कळलें होतें अशांचें एक उदाहरण येथें देतों. १९७७ सालीं अमेरिकेनें आकाशांत सोडलेल्या दोन ‘व्हॉयेजर’ यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे व तींत गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तबकडीबरोबर सुई दिली आहे. आवरणावर ती सुई कशी ठेवावी याची आकृति व एका फेऱ्यास लागणारा काळ, म्हणजे ३.६ सेकंद, हायड्रोजनच्या अणूवरून ठरविलेल्या मापांत कोरला आहे. ज्या वाचकाची भाषा माहीत नाहीं, किंबहुना जो आहे कीं नाहीं हेंच ठाऊक नाहीं, त्याच्यासाठीं एवढी दक्षता! आपल्याच पुढील पिढीस मात्र आपण गाण्याचें नांव व गायकाचें चित्र एवढ्यावर वाटेस लावतों.

दुसरा प्रश्न सुईचा व ध्वनिसंस्काराचा. लाखेच्या तबकडीच्या चरास साधारणतः अडीच ते तीन सहस्रांश इंच त्रिज्येचें टोंक लागतें. १९४८ सालीं अमेरिकेंत निघालेल्या दीर्घ तबकडीस सुमारें एक सहस्रांश किंवा त्याहून कमी. बारीक सुई रुंद चरांत घातली तर ती तळाशीं बसते व तेथील धूळ आणि खरखर तेवढी इमानें उचलते. उलट निरनिराळ्या जाडीच्या सुया लावून पाहिल्यास पूर्वीच्या पोलादी सुयांनीं न झिजविलेला भिंतीचा भाग कधीं कधीं सांपडतो व गेलेला आवाज परत येतो. शिवाय विजेच्या मुद्रणांत खर्जाचा भाग दाबून व तारभाग उचलून चर कोरीत. वाजवितांना त्याचा व्यत्यास करावा लागतो. या संस्काराचें सर्वमान्य प्रमाण अमेरिकेंत १९५४ सालीं ठरलें. त्यापूर्वीं कंपनीगणिक तें भिन्न होतें, आणि १९२५ पूर्वींच्या कर्ण्याच्या मुद्रणांत असा संस्कार नव्हताच. आजच्या बहुतेक यंत्रांत १९५४ चें प्रमाण कायमचें बसविलेलें असतें. त्यांतून कर्ण्याच्या काळची तबकडी काढिली म्हणजे दहा हजार कंपनांच्या आसपासचा ध्वनि सुमारें १४ डेसिबलनें दाबला जातो. आधींच क्षीण असलेली व्यंजनांची धार बोथट होते, आणि ऐकणारा म्हणतो, ‘पूर्वींचे गवई शब्द स्पष्ट उच्चारीत नसत’!

तिसरा प्रश्न ‘स्वच्छ’ करण्याचा. खरखर काढून टाकणारीं साधनें आतां सर्वांस उपलब्ध आहेत. खरखर व सकार, खरखर व श्वास, खरखर व तंबोऱ्याचा झंकार यांतील भेद त्या साधनांस नेहमींच कळतो असें नाहीं. त्याहून घातक चाल म्हणजे आरंभीं-शेवटीं कातरण्याची. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गैसबर्ग यानें हिंदुस्थानांतील आपलें पहिलें मुद्रण केलें तेव्हां साचे हानोव्हरला पाठविले जात. तेथील कारागिरांस ओळख पटावी म्हणून गौहरजान आदि कलावंत गाण्याच्या शेवटीं स्वतःचें नांव उच्चारीत. १९०८ सालीं कलकत्त्यासच कारखाना निघाला व ही गरज उरली नाहीं. अर्थात् ती नामघोषणा हें कागदावरील मोर्तबच होय. ती ‘गाण्याचा भाग नव्हे’ म्हणून कापणाऱ्यानें दस्तऐवजाची साक्षच फाडून टाकिली असें आम्ही समजतों.

चौथा प्रश्न वंशावळीचा. अनेक जुन्या गाण्यांच्या पुढें दीर्घ तबकड्या निघाल्या, त्यांवरून कॅसेटी निघाल्या, आणि आजची फाइल यांपैकीं कशावरून उतरली आहे हें ती स्वतः सांगत नाहीं. व्हिनाइलची तबकडी सुस्थितींत असली तरी तिजवरील १९३० चें गाणें ही नकलेचीच नक्कल असते. मधल्या तंत्रज्ञानें ठरविलेली गति व संस्कार तींत मुरलेले असतात. लेबलाभोंवतीं कोरलेला साच्याचा अंक नोंदविला असेल तरच एकाच चीजेचीं दोन मुद्रणें वेगळीं ओळखतां येतात.

याच्या उलट टोंकास, अस्सल तबकडीचा ध्वनि तोच खरा, अंकीय प्रत म्हणजे निर्जीव, असें मानणारा एक पक्ष आहे. त्याची भक्ति समजते, तर्क समजत नाहीं. सुई प्रत्येक वेळीं चर झिजविते. तेव्हां अस्सल राखावयाचें असेल तर उत्तम नक्कल हवीच. शिवाय दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. तेवढ्यांत बसविलेला ख्याल हा मैफलीचा पुरावा नसून तबकडीसाठीं केलेल्या गायनाचा पुरावा आहे, ही मर्यादा अस्सलासही सुटलेली नाहीं.

उत्तम नक्कल अशक्य नाहीं. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेच्या तबकडी-संग्रहांत एकाच तबकडीच्या चार निरनिराळ्या सुयांनीं एकाच वेळीं घेतलेल्या प्रती व लेबलाचें छायाचित्र दिलेलें आढळतें. पाठभेद वाचकासमोर ठेवण्याची ही पद्धति संपादकांस अनुकरणीय आहे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें सेकंदास किमान ४८,००० नमुने व २४ बिट हें प्रमाण सांगितलें असून ९६,००० नमुने घेण्याची रीत आतां रूढ आहे. त्या मापानें तीन मिनिटांच्या दुपदरी प्रतीस सुमारें १०४ मेगाबाइट लागतात. आजच्या साधनांत हा खर्च नगण्य होय.

तेव्हां आमचें सांगणें एवढेंच. चराच्या दोन्ही भिंतींचा ध्वनि वेगवेगळा ठेवून, संस्कार न करितां, आरंभींची सुई टेकल्यापासून शेवटची उचलेपर्यंत एक कच्ची प्रत घ्यावी व ती कधींही बदलूं नये. ऐकण्यासाठीं हवी तर दुसरी प्रत स्वच्छ करावी. दोहोंसोबत लेबलाचें छायाचित्र, साच्याचा अंक, वापरलेली सुई, धरलेली गति व ती धरण्याचें कारण लिहावें. हिंदुस्थानच्या कायद्यानें ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षें चालतो. काव्य व चाल यांचे हक्क निराळे. तेव्हां प्रसिद्धीपूर्वीं तेंही पाहावें. आणि फाइल तयार झाली म्हणून तबकडी मोडीवाल्यास देऊं नये. उद्यां कोणी अधिक योग्य सुई लावील, गतीचा अधिक सबळ पुरावा आणील. त्या वेळीं अस्सल जागेवर नसेल, तर आज आपण केलेली चूक दुरुस्त होण्याचा मार्गच बंद होईल.