क्रमांकपट्टीचे वाचन आणि पोलीस तपासणी : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
मोटार वाहनाची क्रमांकपट्टी ही सामान्यतः परिवहन खात्याची एक तांत्रिक बाब समजली जाते. वस्तुतः ती राज्यसंस्थेने वाहनावर लिहिलेला एक अत्यंत संक्षिप्त लेख आहे. नाकाबंदीवर उभा असलेला पोलीस कर्मचारी हा त्या लेखाचा अधिकृत वाचक होय. हे वाचन कसे होते, त्यात काय सुटते आणि चुकीच्या वाचनाची किंमत कोण मोजतो, या तीन प्रश्नांची चिकित्सा प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे.

संहिता आणि तिची लिपी :
'एमएच २२' ही परभणीची ओळख. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला व पुढे त्यास 'एमएच ३८' हा संकेत मिळाला. बोलीभाषेत 'बावीस पासिंगची गाडी' असे म्हटले की ऐकणारा गाडीचे गाव ठरवून मोकळा होतो. परंतु हा संकेत केवळ नोंदणीचे कार्यालय सांगतो. चालकाचे गाव, हेतू वा चारित्र्य सांगत नाही. जालना, हिंगोली, नांदेड, लातूर व बीड या जिल्ह्यांना लागून असलेल्या परभणीत परजिल्ह्याच्या क्रमांकाची गाडी ही नित्याचीच बाब आहे. केवळ क्रमांक परका आहे म्हणून संशय घेणे हे वाचन नसून पूर्वग्रह होय.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० व ५१ यांनी पट्टीवरील अक्षरांचे रूप व आकार निश्चित केले आहेत. अक्षरे इंग्रजी व अंक आंतरराष्ट्रीय असावेत, असा दंडक आहे. महाराष्ट्राने १९६४ च्या अधिनियमाने मराठीस राजभाषा मानले. पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी मराठीत लिहिली जाते. तथापि त्याच ठाण्यासमोरील दुचाकीवर देवनागरी अंक लिहिणे नियमबाह्य ठरते. या विसंगतीस व्यावहारिक कारण आहे. गाडी आदिलाबादेत वा इंदुरात गेली तरी तेथील पोलिसास ती वाचता आली पाहिजे.

लोकांनी मात्र या दंडकातून आपली वाट काढली आहे. चार-एक-चार-एक हे अंक किंचित वळवून 'दादा' आणि दोन-एक-चार हे अंक 'राम' असे वाचता येतील, अशा रीतीने रंगविले जातात. येथे मालक गल्लीतील परिचितांसाठी लिहितो, तर कायदा अपरिचितांसाठी लिहू पाहतो. अपघात करून पळालेल्या गाडीचा क्रमांक प्रत्यक्षदर्शीला सांगता येत नाही, तेव्हा हा विरोध केवळ हौसेचा राहत नाही.

वाचनाच्या तीन पातळ्या :
पोलीस तपासणीच्या तीन पातळ्या मानता येतील. पहिली सुवाच्यतेची : पट्टी आहे काय, वाचता येते काय? दुसरी अस्सलपणाची : पट्टी या गाडीचीच आहे काय? तिसरी नोंदीच्या सत्यतेची : नोंदवहीतील मालक हाच आजचा धारक आहे काय?

पहिली पातळी सर्वांत सोपी, म्हणून तेथेच अधिक श्रम खर्च होतात. वेड्यावाकड्या अक्षरांची पट्टी दुरूनच डोळ्यांत भरते व दंडाची पावती तत्काळ फाडता येते. उलटपक्षी, चोरीच्या गाडीवर दुसऱ्या गाडीचा क्रमांक सुबक अक्षरांत लावणारा मनुष्य नाकाबंदीतून निर्वेध निघून जाऊ शकतो. सुवाच्य पट्टी खरी असेलच असे नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. अस्सलपणाची खरी कसोटी पट्टी, नोंदणी प्रमाणपत्र, चेसीवर कोरलेला क्रमांक आणि 'वाहन' या संगणकीय प्रणालीतील नोंद यांच्या मेळात आहे. प्रणालीत दिसणारे वाहनाचे बनावटनाम व प्रकार समोरच्या गाडीशी ताडून पाहिले, तरी पुष्कळशी बनवेगिरी उघडी पडते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम २०६ या दृष्टीने उद्बोधक आहे. वाहनावरील ओळखचिन्ह हा खोटा दस्तऐवज आहे असे मानण्यास कारण असल्यास ते जप्त करण्याचा अधिकार हे कलम पोलिसांस देते. म्हणजे कायदा स्वतःच पट्टीकडे दस्तऐवज म्हणून पाहतो. मात्र 'मानण्यास कारण' ही अट त्यास जोडलेली आहे. कलम १३० नुसार गणवेशातील पोलीस अधिकारी चालकाचा परवाना मागू शकतो. तेथे संशयाची अट नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये 'डेलावेअर विरुद्ध प्राउस' या खटल्यात केवळ कागदपत्रे पाहण्यासाठी, संशयाविना, मनास येईल ती गाडी थांबविणे अमान्य ठरविले. आपल्याकडे हा विवेक बहुतांशी नाकाबंदीवरील कर्मचाऱ्यावर सोपविलेला आहे.

पाठलाग आणि चिन्हावरील विश्वास :
धावत्या गाडीचा पाठलाग करण्यापेक्षा तिचा क्रमांक व वर्णन पुढील ठाण्यास कळवून नाकाबंदी करणे हे आपल्या पोलिसांचे जुने तंत्र आहे. कल्याण-निर्मल महामार्गावर पाथरी, मानवत, परभणी अशी ठाणी ओळीने असल्याने येथे ते विशेष उपयुक्त आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर हेच घडले. बिनतारी संदेशातील वर्णनाची गाडी तेथे अडविली गेली आणि सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या बलिदानामुळे कसाब जिवंत हाती लागला. तथापि त्याच रात्री हल्लेखोर आधी पोलिसांच्याच बळकावलेल्या गाडीतून फिरले होते, हेही विसरता येत नाही. चिन्ह ओळखीचे असले की वाचक बेसावध होतो. काचेवर 'पोलीस' वा 'प्रेस' असे लिहिलेली गाडी न तपासता सोडणे हा याच बेसावधपणाचा रोजचा प्रकार होय.

नोंद आणि माणूस :
तिसरी पातळी सर्वांत दुर्लक्षित आहे. ग्रामीण भागात जुनी दुचाकी अनेकदा बाँडवर विकली जाते. नमुना २९ व ३० भरून ती खरेदीदाराच्या नावावर करण्याचे राहून जाते. कलम ५० नुसार राज्यांतर्गत हस्तांतराची खबर विक्रेत्याने १४ दिवसांत द्यावयाची असते. ती न दिल्यास ई-चलन जुन्या मालकाच्या नावे निघते. प्रश्न एवढ्यावरच थांबत नाही. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' (२०१८) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच अपघाताच्या नुकसानभरपाईस जबाबदार धरले, गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली तरी. जिंतूर वा पालम तालुक्यातील अल्पभूधारकाच्या दृष्टीने याचा अर्थ शेत विकण्यापर्यंत जाऊ शकतो.

पट्टीवरून मालक आणि मालकावरून चालक, असे अनुमान पोलीस सहज करतात. 'कॅन्सस विरुद्ध ग्लोव्हर' (२०२०) या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने असे अनुमान गाडी थांबविण्यापुरते ग्राह्य मानले, परंतु विरुद्ध माहिती समोर आल्यास ते टिकत नाही, हेही स्पष्ट केले. जेथे एकच दुचाकी भाऊ, मेहुणा आणि सालगडी असे सारे वापरतात, तेथे हे अनुमान अधिकच सावधपणे करावयास हवे.

उच्च सुरक्षा पट्टी कितपत पुरेशी?
१ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी अनिवार्य झाली. महाराष्ट्रात जुन्या वाहनांसाठीही ती सक्तीची करण्यात आली व त्याची मुदत २०२५ मध्ये वारंवार वाढवावी लागली. अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला संकेतांक व सहज न निघणारे कुलूप यांमुळे पहिल्या दोन पातळ्यांवर निश्चितच सुधारणा होते. परंतु तिसऱ्या पातळीवर ही पट्टी मूक आहे. जुन्या मालकाच्या नावावरील गाडीस नवी पट्टी लावल्याने नोंद खरी होत नाही.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणावे लागते की, आपली तपासणी पट्टीचे रूप पाहण्यात गुंतली असून तिचा अर्थ पडताळण्यात उणी पडते. नाकाबंदीवर दंडाच्या पावत्यांइतकेच महत्त्व चेसी क्रमांक ताडण्यास दिले जावे. गाडी थांबविण्याचे कारण चालकास मराठीत सांगितले जावे. उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाने तालुक्याच्या आठवडी बाजारी हस्तांतर शिबिरे घ्यावीत. महाविद्यालयांच्या आवारात विद्यार्थ्यांच्या शेकडो दुचाकी उभ्या असतात. त्यांपैकी किती जणांच्या घरच्या नावावर आहेत, हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून तपासून पाहणे अध्यापकांस सहज शक्य आहे. पट्टीवरील अक्षरे सरळ करणे सोपे आहे. तिच्यामागील नोंद सरळ करणे हे अधिक निकडीचे काम आहे.