अफवेची पाठचिकित्सा

धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची मुले पळविणारी टोळी समजून जमावाने हत्या केली. अशा अफवांचे वाहन व्हॉट्सॲप होते, हे सर्वमान्य आहे. परंतु वाहनाच्या चर्चेत संहिता मागे पडते. त्या सुमारास देशभर फिरलेल्या एका चित्रफितीचे मूळ कराचीतील बालसुरक्षाविषयक लघुपटात सापडते. मुळात दुचाकीस्वार मूल उचलतात, परत आणून सोडतात व सावधगिरीचा फलक दाखवितात. प्रसृत पाठात हा शेवटच गाळलेला आहे. प्रक्षेपाने ग्रंथ बिघडतो हे पाठचिकित्सकास परिचित आहे. येथे नुसत्या लोपाने उपदेशाची बातमी झाली, आणि भिक्षेसाठी गावोगाव हिंडणाऱ्याचे अनोळखीपण हाच त्याच्या गुन्ह्याचा पुरावा ठरू लागला. जुन्या पोथीस बहुधा पुष्पिका असे. लेखनिकाचे नाव व शक तीवरून कळत. या पाठास ती नाही. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ ही खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे धाडण्याची मर्यादा घोषित केली. मर्यादेने प्रसार मंदावतो, हे मान्य. खूण मात्र संदेश दुसऱ्याकडून आला एवढेच सांगते. मूळ कोणाचे, याविषयी ती मुकीच राहते.