‘म्हणे’ : एका शब्दातली लढाई

ऐन दिवाळीत लढाईचा विषय काढणे म्हणजे फराळाच्या ताटात कडुनिंबाची पाने वाढणे होय, असे एखाद्या गृहिणीला वाटेल. परंतु कडुनिंबाचा मानही आपल्याकडे सणालाच असतो. गुढीपाडव्याला तो आपण मुलांनाही चाखायला लावतो. तेव्हा परभणीच्या एका लेखकाच्या एका कादंबरीविषयी, किंबहुना तिच्या नावातल्या एका शब्दाविषयी, चार गोष्टी आज वाचकांपुढे मांडाव्या असे मनात आहे. कादंबरी ‘म्हणे लढाई संपली’, लेखक बी. रघुनाथ; साल 1946.

लढाई आणि तरुण हा विषय निघाला की आपल्या वाङ्मयात बहुधा दोन चित्रे पुढे येतात. एक वीराचे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात सुमारे पंचवीस लाख माणसे होती. त्यांतले नाईक यशवंत घाडगे 1944 मध्ये इटलीत पडले, तेव्हा त्यांनी तेविशीही गाठली नव्हती. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असे मरण पोवाड्याला विषय पुरवते. घरातल्या रिकाम्या पाटाचे काय, हे पोवाडा सांगत नाही. दुसरे चित्र बळीचे. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (1939) ते आहे. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा यांची भेट होते, आणि तोफ डागली जाण्याआधीच युद्धाने या दोन तरुण जीवांचा निकाल लावलेला असतो. मराठी कादंबरीने जगाचे दुःख इतक्या थोड्या पानांत क्वचितच पेलले असेल.

पण ज्याने बंदूक धरली नाही, बोट पाहिली नाही, जो आपल्या गावी कचेरीत नऊ-दहाची घंटा ऐकत बसला, त्या तरुणाचे काय? त्याच्यावर लढाईचा काही संस्कार झाला की नाही? हा प्रश्न विचारायला परभणीसारख्या ठिकाणचा लेखकच हवा होता.

भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म 1913 सालचा, परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. हैदराबादेत मॅट्रिक झाल्यावर त्यांना पुढचे शिक्षण सोडून निजामी राज्याच्या बांधकाम खात्यात नोकरी धरावी लागली. ज्या राज्यात दफ्तर उर्दू, वरच्या शाळांचे शिक्षण उर्दू, तिथे हा कारकून संध्याकाळी घरी येऊन मराठीत कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहीत होता. महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, संपले तेव्हा बत्तीसचा. माणसाच्या आयुष्यातली उमेदीची म्हणतात ती सहा वर्षे नेमकी लढाईने व्यापलेली. ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’ या कादंबऱ्या त्याच सुमाराच्या. 1953 च्या सप्टेंबरात, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीतच त्यांचा अंत झाला.

परभणीवर बॉम्ब पडला नाही. मग लढाई तिथवर पोहोचली कशी? ती बाजारातून आली. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे हे गाव. ज्वारी आणि कापूस पिकवणारा हा मुलूख. युद्धाबरोबर भाव चढले. कापड, रॉकेल, साखर यांची टंचाई झाली. शेतकऱ्याच्या खळ्यावर सरकारी लेव्ही येऊन उभी राहिली. ‘कंट्रोल’ आणि ‘काळा बाजार’ हे शब्द आजीच्या तोंडी रुळले. पगार मात्र होता तिथेच. अशा वेळी घरातला मिळवता तरुण हळूहळू आतून बदलतो. बहिणीचे लग्न पुढे ढकलले जाते, धाकट्याचे शिक्षण अडते, आणि ज्याने काल ध्येयवादाची पुस्तके वाचली तो आज ओळखीने साखरेची गोण मिळते का पाहतो. त्याला जखम होत नाही. त्याचा फक्त भाव उतरतो. रणांगणापासून हजारो मैलांवर होणारी ही झीज कोणत्याही युद्धाच्या जमाखर्चात लिहिली जात नाही.

आता कादंबरीच्या नावाकडे पाहू. ‘लढाई संपली’ ही बातमी आहे. तिच्या आधी ‘म्हणे’ येताच बातमीची अफवा होते. मराठीतला हा ‘म्हणे’ मोठा गमतीचा आहे. बोलणारा खोटे म्हणत नाही आणि हमीही घेत नाही. ‘शेजारच्या घरी म्हणे पाहुणे आलेत’ यात नुसते कुतूहल असते. पण ‘म्हणे स्वस्ताई होणार’ यात सोसून शहाणा झालेल्या माणसाचे हसू असते. वरून आलेली घोषणा आणि खालचा अनुभव यांच्यामधली फट हा दोन अक्षरांचा शब्द दाखवतो. दूर कुठेतरी तहावर सह्या झाल्या. भाव काही उतरले नाहीत, गेलेली वर्षे परत आली नाहीत. सत्तेने लढाई सुरू केली आणि सत्तेनेच ती संपली म्हणून जाहीर केले. सुरू करताना तरुणाला विचारले नव्हते. संपवतानाही विचारले नाही. माझ्या मते मराठीतल्या युद्धविषयक लेखनातले हे सर्वांत नेमके शीर्षक आहे.

आणि काळाने त्या शीर्षकावर जे भाष्य केले ते लेखकालाही कल्पिता आले नसते. 1946 मध्ये लिहिलेल्या या ‘म्हणे’ला दोन वर्षांच्या आत परभणीच्याच दारात उत्तर मिळाले. हैदराबाद संस्थानात तरुणांची ठिणगी आधीच पडली होती. 1938 मध्ये वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले, आणि त्यांतल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाचा आसरा घ्यावा लागला. 1947 नंतर स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेसरशी पोरांनी वह्या मिटल्या. कोणी तुरुंगात गेले, तर कोणी वऱ्हाडच्या सरहद्दीवरील छावण्यांत. करोडगिरीची नाकी जाळली गेली, शिंदीची झाडे तोडली गेली, आणि रझाकारांशी समोरासमोर चकमकी झडल्या. वसमत तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. आज तो 1999 मध्ये वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. तिथले महाविद्यालय हुतात्मा बहिर्जी शिंदे यांच्या नावाचे आहे. 13 सप्टेंबर 1948 रोजी हिंदी सैन्य संस्थानात शिरले आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. लढाई संपली.

म्हणे!

इथे मला बी. रघुनाथांच्या या शब्दाची थोरवी कळते, आणि मर्यादाही. मर्यादा अशी की ‘म्हणे’ हा ऐकणाऱ्याचा शब्द आहे. मोठ्या घटनेच्या कडेला उभे राहून तिची झळ सोसणाऱ्याची ती वाणी आहे. ज्या पोराने छावणीत रात्र काढली त्याला ती अपुरी वाटेल. त्याने लढाई ऐकली नाही, केली. त्याच्या क्रियापदाला उपरोध परवडत नव्हता. नुसत्या ‘म्हणे’वर समाज चालला असता तर मराठवाडा मुक्त झाला नसता, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु लढून आलेल्यालाही शेवटी या शब्दापाशी यावेच लागते. सोडलेल्या शाळेत पुन्हा बसायला विशीतला माणूस लाजतो. हातात बंदूक घेतलेल्याला अर्ज खरडणे जड जाते. आणखी एक गोष्ट आपण फार हळू आवाजात बोलतो. रझाकारांत भरती झालेलीही बहुतेक पोरेच होती, कोणाच्या तरी भाषणाने पेटलेली. त्यांच्या अत्याचारांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण सप्टेंबर 1948 नंतर मराठवाड्यात अनेक ठिकाणी जो सूड उगवला गेला त्यात ज्यांनी शस्त्र पाहिलेही नव्हते अशी मुसलमान कुटुंबे भरडली गेली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याचा अहवाल दिला, तो वर्षानुवर्षे लोकांपुढे आला नाही. त्या घरांतल्या मुलांनी ‘लढाई संपली’ हे वाक्य कसे ऐकले असेल?

याच वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर तेव्हा सोळा वर्षांचे होते. पुढे त्यांनी हैदराबादच्या प्रश्नाची जी चिकित्सा केली तिच्यात जयघोषापेक्षा विचाराला मान आहे. अनंत भालेरावांनीही त्या दिवसांचा इतिहास नेटाने लिहिला. विवेचन झाले, इतिहास झाला. पण छावणीतून परत आलेल्या, दोन्ही बाजूंच्या, तरुणाच्या पुढल्या तीस वर्षांची कादंबरी? ‘रणांगण’च्या तोलाची अशी कलाकृती माझ्या वाचनात नाही. हुतात्म्याचे स्मारक आपण बांधतो. जो जगला त्याचे काय झाले हे विचारायचे विसरतो. समाज तरुणाला ‘देशाचा आधारस्तंभ’ म्हणतो, पण खांबावर भार टाकून झाल्यावर त्याला तडा गेला का, हे पाहायला कोणी खाली उतरत नाही. ते काम वाङ्मयाचे आहे.

ही गोष्ट जुनी झाली असे समजू नये. 2022 मध्ये युक्रेनमध्ये लढाई पेटली तेव्हा वैद्यकाचे शिक्षण अर्धवट टाकून हजारो भारतीय विद्यार्थी परतले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. विमानतळावर त्यांना फुले मिळाली, पण पदवीचे काय हा घोर पुढे पुष्कळ दिवस त्यांच्या घरांत राहिला. ती मुले रणात नव्हती, तरी त्यांच्या तारुण्याची काही वर्षे रणानेच खर्ची घातली. बी. रघुनाथांना ही मुले ओळखीची वाटली असती.

परभणीने आपल्या या लेखकाचे नाव सभागृहाला दिले, त्याच्या नावाने महोत्सव भरवले, हे योग्यच झाले. पण लेखकाचा खरा मान त्याचा शब्द वापरण्यात असतो. यापुढे केव्हाही, कोणीही, कोठलीही लढाई संपल्याचे मोठ्या आवाजात सांगितले, तर घरातल्या तरुण मुलाच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे. तो चेहरा हो म्हणाला तर बातमी खरी धरावी. तोवर, आपल्या भाषेने आपल्याला दिलेला तो दोन अक्षरांचा शब्द तिच्याआधी जोडायला विसरू नये.