स्तनाच्या कर्करोगावरील अब्लेशन उपचार : खानदेशच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास हा छेद लहान होत गेल्याचा इतिहास आहे. १८९४ मध्ये विल्यम हॉलस्टेड यांनी स्तनासोबत छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथी काढण्याची पद्धत मांडली. केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी रुग्ण तितकेच जगतात, हे बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीने १९८५ मध्ये दाखविले. गाठ न काढता सुईवाटे अतिशीत वा उष्ण करून जागीच नष्ट करणारे अब्लेशन ही पुढील पायरी होय. जळगाव-धुळे परिसरातील स्त्रीच्या दृष्टीने तिचे मोल काय, हे येथे तपासले आहे.

बलस्थाने व मर्यादा :
या उपचारात त्या जागेपुरती भूल पुरते आणि स्तनाचा आकार टिकतो. अमेरिकेतील ‘आइस-३’ अभ्यासात १९४ स्त्रियांवर गाठ गोठविण्याचा उपचार झाला. पाच वर्षांत त्याच स्तनात रोग परतण्याचे प्रमाण सुमारे ४.३ टक्के आढळले. तथापि या स्त्रिया साठीच्या पुढील, गाठी १.५ सेंटिमीटरपर्यंतच्या व रोग सौम्य प्रकारचा होता; तुलनेसाठी शस्त्रक्रियेचा गटही नव्हता. शिवाय गाठ बाहेर येत नसल्याने तिच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येत नाहीत.

खानदेशचा संदर्भ :
भारतीय स्त्रियांत हा रोग पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील एक टक्क्याहून कमी स्त्रियांची स्तनतपासणी झाली होती. गाठ बहुधा दुखत नाही. म्हणून शेतीच्या हंगामात तिच्याकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक ठरते. यावल, रावेर, शिरपूर वा साक्रीच्या पाड्यावरील स्त्रीची गाठ दीड सेंटिमीटरची असतानाच सापडली नाही, तर हा उपचार तिच्यासाठी अस्तित्वातच नाही.

याउलट, टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील १,५१,५३८ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मधील निष्कर्षांनुसार रोग अलीकडच्या टप्प्यात सापडला व पन्नाशीपुढील स्त्रियांतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट मिळून झालेली १५ टक्के घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीवर सिद्ध झाली नाही.

निष्कर्ष :
अब्लेशन त्याज्य नाही; मात्र ते लवकर निदानाचे फळ आहे, पर्याय नव्हे. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी आरोग्यसेविकांचे प्रशिक्षण, सोनोग्राफी व सुईने नमुना घेण्याची सोय यांना अग्रक्रम द्यावा. त्याविना नवे यंत्र मोजक्या शहरी स्त्रियांचीच सोय ठरेल.