गोदी आणि झाड : डच अम्लरेखने व ‘आज्ञापत्र’

सतराव्या शतकातील डच अम्लरेखनांत जहाज आणि ते घडवणारे श्रम चित्राच्या केंद्रस्थानी येतात. तांब्याच्या पत्र्यावरील मेणाच्या थरात सुईने रेखाटन करायचे आणि उघडा पडलेला धातू अम्लाने कोरू द्यायचा, ही या तंत्राची रीत. डोलकाठ्या, दोरखंड आणि फळ्या यांच्या बारीक जाळ्याला ती विशेष अनुकूल ठरली. ‘झेमान’, म्हणजे दर्यावर्दी, अशी सही करणाऱ्या रेनिएर नोम्सने 1650 च्या दशकात ॲम्स्टरडॅममधील जहाजांच्या चित्रमालिका काढल्या. सीवर्ट फान डर म्यूलेनच्या 16 चित्रांच्या मालिकेचा विषयच जहाजाची बांधणी हा आहे. यान व कास्पर लाइकेन यांनी 1694 च्या ग्रंथात मानवी व्यवसायांची शंभर चित्रे दिली. त्यांत जहाज बांधणारा आणि शिडे शिवणारा यांनाही स्थान आहे.

या चित्रांमागील सागरी सत्ता मराठी मुलखाला परकी नव्हती. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1637 मध्ये वेंगुर्ल्यास वखार घातली. 1724 मध्ये डच आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला, तो निष्फळ ठरला. परंतु समोरासमोर आलेल्या या दोन आरमारांपैकी मराठी आरमाराच्या गोदीची अशी चित्रमालिका निर्माण झाली नाही. त्यामुळे दोहोंची तुलना सहजच एका उणिवेच्या नोंदीपाशी थांबते : तेथे चित्र आहे, येथे नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. तुलना चित्राची चित्राशी न करता जहाजाविषयीच्या दृष्टीची दृष्टीशी केली, तर वेगळेच काही हाती लागते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या 1715 च्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा आणि गलबते कशी असावीत, हे सांगताना ते लाकडाकडे वळते. सागासारखे लाकूड राज्यातील अरण्यातून तोडायचे तर हुजूरची परवानगी हवी. कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे. तरी त्यांस हात लावू नये. कारण ही झाडे एका-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन ते तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये.

डच चित्रांतील गोदीत लाकूड येते ते बहुधा ओंडका किंवा फळी होऊनच. ॲम्स्टरडॅमचे लाकूड नॉर्वे, बाल्टिक किनारा आणि ऱ्हाइनच्या वरच्या अंगाची जर्मन अरण्ये येथून येई. ते वाढवणाऱ्या माणसाला चौकटीत जागा नाही. कारागिराच्या हाताकडे ही चित्रे जितक्या आदराने पाहतात, तितकाच हा अभाव लक्षणीय ठरतो. लाइकेन यांच्या ग्रंथात चित्राला जोडलेले पद्य बोध करते, पण तो बोध व्यवसायाचे रूपक करून आत्म्याकडे वळतो. ‘आज्ञापत्रा’त नीतिविचार कामाच्या तपशिलातच बसतो, झाडाचे वय, धन्याची संमती आणि लाकडाचे मोल ही त्याची परिमाणे आहेत.

यावर आक्षेप संभवतो : एक बाजारात विकले जाणारे चित्र, दुसरा राज्यकारभाराचा उपदेश, शिवाय आज्ञा निघाली म्हणजे ती पाळली गेलीच, असे नव्हे. आक्षेप रास्त आहे. तथापि डच चित्रही निव्वळ दस्तऐवज नव्हे. ग्राहकाला अभिमान वाटेल अशी नीटनेटकी गोदी ते मांडते. दोन्ही संहिता आदर्शच रचतात आणि म्हणूनच तुलनीय ठरतात. शिवाय आज्ञेचा निषेध ज्याचा आहे, ती जुलमाची शक्यता त्या निषेधातूनच प्रकट होते. रयतेची झाडे सक्तीने तुटण्याचे भय नसते, तर एवढी समजूत घालण्याचे प्रयोजन उरले नसते.

अम्लरेखनाने जहाज कसे उभे राहते ते दाखवले. मराठी गद्याने त्यासाठी कोणाचे काय तुटते ते सांगितले. गोदीच्या इतिहासाला कारागिराच्या हाताइतकाच झाडाच्या धन्याचा होकारही लागतो. तो ऐकण्यासाठी चित्राशेजारी ही संहिता ठेवून वाचणे आवश्यक आहे.